फ्लॅटचं गाऱ्हाणं

फ्लॅट विकायचं ठरलं त्याच संध्याकाळी सुजयने पहिला निर्णय घेतला, की एजंट नेमायचा नाही. "दोन टक्के त्याला कशासाठी द्यायचे? दार उघडायचं आणि 'हा हॉल, हे किचन' म्हणायचं. तेवढं मला येतं," असं त्याने बायकोला, म्हणजे योगिनीला, सांगून टाकलं. 'तेवढं मला येतं' या वाक्यानंतर आजवर घरात काय काय झालं ते तिला पाठ होतं. (गिझर, मिक्सर आणि मेहुण्याच्या लग्नातलं सूत्रसंचालन, एवढी उदाहरणं पुरेत.)

तसा सुजय या विषयात कच्चा नव्हता. सरकारी कार्यालयात लिपिक असल्यामुळे त्याला वाचन-मनन करायला वेळ मिळे. जेवणाच्या सुट्टीत, आणि सुट्टी संपल्यावरही, तो मोबाइलवर 'मंदीत घर कसं विकावं' या विषयावरचे व्हिडिओ बघत असे. हळूहळू ज्ञान इतकं साठलं की ते तो इतरांना वाटू लागला. ऑफिसात कुणालाच घर विकायचं नव्हतं, पण त्यामुळे सल्ला देणारा माणूस थांबत नाही.

मंदी मात्र खरीच होती. नाचणे गावात दर वळणावर नवी बिल्डिंग उभी होती आणि 'बुकिंग सुरू'च्या पाट्या उन्हाने इतक्या फिक्या पडल्या होत्या की त्यांवरचं हसरं कुटुंब आजारी वाटायचं. सुजयचा फ्लॅट 'सिंधुकिरण'च्या तिसऱ्या मजल्यावर. बांधला तेव्हा बाल्कनीतून समुद्राची एक निळी रेघ दिसायची. मग समोर 'सागरलहर' नावाची बिल्डिंग झाली आणि आता बाल्कनीतून सागरलहरमधल्या लोकांचे टॉवेल दिसतात. लिफ्ट नाही. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल. त्या ओलीवर सुजयने कॅलेंडर लावलं होतं आणि दर पावसाळ्यानंतर तो थोडं मोठं कॅलेंडर शोधून आणायचा. यंदा एका खताच्या कंपनीचं इतकं मोठं मिळालं होतं की चुलीपाशी बसूनही तारीख दिसावी. (चूल नव्हती, ही वेगळी गोष्ट.)

घाई सुजयला नव्हती. ती होती योगिनीला, आणि तिला कारण होतं. ती कोकम, आंबोशी, फणसाचे पापड करून विकायची. वाळवणाची ताटं घेऊन रोज गच्चीपर्यंत जिने चढायचे, वर माकडं हाकलायची आणि खाली सोसायटीच्या सेक्रेटरींचं बोलणं ऐकायचं, यात तिचे गुडघे आणि जीव दोन्ही शिणले होते. पावस गावात सोनूबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंचं बैठं घर विकायला निघालं होतं. पुढे सारवलेलं लांबरुंद अंगण, मागे परडं, दोन माड, एक आंब्याचं कलम. योगिनी त्या अंगणात नुसती उभी राहिली. मग परतताना म्हणाली, "अहो, मला हे घर हवंय." इतकं सरळ तिने सुजयकडे कधीच काही मागितलं नव्हतं. सुजयलाही ते भिडलं. त्याने दुसऱ्याच दिवशी जाऊन विसार दिला.

सोनूबाई मुलाकडे मुंबईला जाणार होत्या. त्यांनी सांगितलं, "पाडव्यापर्यंत थांबतंय गो बाय. पुढं माझा मुलगा ऐकायचा नाय."

हिशोब सोपा होता. फ्लॅटचे छत्तीस लाख आले की पावसचं घर होत होतं. पण व्हिडिओतले तज्ज्ञ म्हणायचे, नेहमी वरचा आकडा सांगा. म्हणून सुजय चाळीस सांगायचा, आणि त्या वरच्या चारांत त्याने मनातल्या मनात एक गाडी घेतली होती. रंगही ठरला होता.

"हे बघ," तो योगिनीला बजावायचा, "घाई आहे असं दाखवायचं नाही. शेवटचा आकडा ओठांवर आणायचा नाही. आणि घरातलं उणं आपण होऊन कधीही, कुणालाही बोलायचं नाही. खरेदीदार विचारेल तेवढंच. कळलं?"

"कळलं. आणि ओल?"

"कुठली ओल?" सुजय म्हणाला, आणि आपण हे किती सराईतपणे म्हणालो याचं त्याला कौतुक वाटलं.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की घरात ताज्या कॉफीचा वास असला की गिऱ्हाइकाला तिथे राहावंसं वाटतं. सुजयने कॉफी चढवली आणि तो गिऱ्हाइकाला बाल्कनी दाखवत बसला. ती उतू गेली, जळली, आणि गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून "वायरिंग तपासून घ्या" असं सांगून गेलं. बाकीचे चहा घेऊन "बघून सांगतो" म्हणायचे. त्यांनी काय बघितलं देव जाणे, सांगितलं मात्र कुणीच नाही. योगिनीच्या चहाची नाचण्यात वाहवा झाली आणि फ्लॅट होता तिथेच राहिला.

शिमगा झाला. पाडवा तोंडावर आला. एका सकाळी योगिनीने चहाचा कप जरा जोरात ठेवला. "आता धोंडूआबांना बोलवा. गाऱ्हाणं घालूया."

धोंडूआबा म्हणजे सुजयचे गावाकडचे चुलत काका. गावात कुणाची म्हैस हरवलेली असो, नाहीतर मुलाला नोकरी लागत नसो, नारळ-विडा ठेवून देवाला हाक घालायची ती आबांनीच. आवाज असा, की देव पलीकडच्या डोंगरावर गेला असला तरी माघारी वळावा.

सुजय आधी हसला. आजच्या काळात फ्लॅटसाठी गाऱ्हाणं? मग त्याच्या लक्षात आलं, की याला टक्केवारी पडत नाही. एक नारळ, पान-सुपारी आणि आबांचं एसटीचं तिकीट. (तेही ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं.) तो तयार झाला.

नेमकं त्याच दिवशी एक गिऱ्हाईकही येणार होतं. महिपतराव नावाचे, गुहागरकडचे, सगळी नोकरी जहाजावर करून निवृत्त झालेले. त्यांना अकराची वेळ दिली होती. गाऱ्हाणं नऊला. सुजयच्या नियोजनात चूक नव्हतीच. एसटी उशिरा आली, त्याला तो काय करणार?

आबा आले, पाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "हां, सांग आता. देवाला काय काय सांगायचा?"

"एवढंच, की घर लवकर विकू दे."

"तसा चालत नाय बाबा. डॉक्टरकडं जाऊन 'मला बरा कर' एवढाच सांगतोस? काय दुखतंय तां सांगाय नको? अर्धा सांगितलास तर देव अर्धाच करील. अर्धा फ्लॅट विकून काय करशील?"

हा मुद्दा बिनतोड होता. सुजयने खिडक्या लावल्या, आबांच्या कानाशी गेला आणि हळूच ओलीचं सांगितलं. मग पाण्याचं. मग वरच्या मजल्यावरच्या गौरवचं, जो पहाटे व्यायाम करून लोखंडी डंबेल जमिनीवर टाकतो. आणि गंमत म्हणजे, सांगता सांगता सुजयला बरं वाटू लागलं. इतके महिने पोटात धरलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. शेवटचा आकडासुद्धा. उठून तो नारळ आणायला गेला तेव्हा योगिनी आबांना चहा देत काहीतरी पुटपुटत होती. साखरेचं असेल, असं त्याला वाटलं.

आबांनी दार सताड उघडायला लावलं. "देव यायचा कुठनं? ग्रिलमधनं?" उंबऱ्याच्या आत नारळ-विडा ठेवला, उदबत्ती लावली, डोळे मिटले. मागे सुजय आणि योगिनी, प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' अशी साथ द्यायला, हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. आणि आबांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! गावच्या राखणदारा, ह्या वास्तूच्या धन्या! आज हा तुझा लेकरू सुजय तुझ्या पायापाशी उभा हाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यानं ही जागा विकायला काढल्यान, पण गिऱ्हाईक येतंय, चाय पितंय नि जातंय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या भिंतीला, त्या मोठ्या कॅलेंडराच्या मागं, वल हाय! ती वल झाकून ठेवल्यान हाय! ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर नको येव दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सुजयच्या कानाला काहीतरी खटकलं. प्रतिसाद जरा जास्तच भरदार आला होता. त्यात एक घोगरा पुरुषी आवाज होता, जो त्याचा नव्हता आणि योगिनीचा तर नक्कीच नव्हता. त्याने एक डोळा उघडला. दारात चपला काढून, हात जोडून, एक उंचापुरा गृहस्थ आणि त्याची बायको भक्तिभावाने उभे होते. महिपतराव. जहाजावर राहिलेला माणूस, वेळेच्या आधी हजर.

गाऱ्हाणं मध्येच तोडता येत नाही, हे कोकणात वाढलेल्या प्रत्येकाला कळतं. त्याने आबांना खुणावलं, पण आबांचे डोळे मिटलेले. तो खाकरला. मग जोरात खोकला.

"आणि ह्या लेकराच्या छातीत खोकला दिसतंय," आबा न थांबता म्हणाले, "तोबी दूर कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" महिपतरावांनी कळवळून साथ दिली.

पाणी दिवसातून तासभरच येतं, हे झालं. वरचा गौरव झाला. सागरलहरचे टॉवेल झाले. आणि मग आबांनी आवाज आणखी चढवला. "हा लेकरू चाळीस सांगतंय, पण त्याला..."

"व्हय म्हाराजा!" सुजय जीव खाऊन ओरडला.

आबांनी डोळे उघडले. "थांब रे! वाक्य पुरा नाय झाला." त्यांनी डोळे पुन्हा मिटले आणि देवाला नीट ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात पहिल्यापासून म्हणाले, "हा लेकरू चाळीस सांगतंय, पण त्याला छत्तीसात द्यायचा हाय! पाडव्याच्या आत द्यायचा हाय! नायतर ह्या माझ्या सुनेचा पावसचा आंगण जाईल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," योगिनी म्हणाली. तिने जोडलेले हात कपाळाला टेकवले होते. सुजयने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम वाटलं, की जाऊ दे, काहीही होऊ दे, पण हिचं अंगण जायला नको.

"आणि शेवटचा एक," आबा म्हणाले. "ह्या घराचा धनी सल्ले फार देतंय, पण ऐकत कुणाचा नाय! ह्या घरातला त्यो एक मोठा दोष हाय! त्याला सुबुद्धी दे, नि हाय ती नड दूर कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सुजयही म्हणाला. मग काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं. म्हणजे योगिनी मघाशी आबांपाशी पुटपुटली ते साखरेचं नव्हतं तर.

नारळ फुटला. महिपतरावांनी खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला. त्यांच्या बायकोने, मालनताईंनी, सरळ जाऊन कॅलेंडर उचललं, ओल पाहिली आणि पुन्हा सरळ टांगलं. सुजय खुर्चीत बसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार करू लागला. पुढचं गिऱ्हाईक नव्हतं, पण विचार करायला काही लागत नाही.

"आवडला आम्हाला," महिपतराव म्हणाले.

"खोबरं?"

"फ्लॅट हो. आमचा मुलगा इथेच नोकरीला, त्याच्याजवळ राहायचं आहे. कित्येक फ्लॅट पाहिले. सगळे सांगतात, काही प्रॉब्लेम नाही. म्हणजे प्रॉब्लेम कुठे आहे ते राहायला गेल्यावर कळणार. इथे सगळं देवासमोर कळलं. ओलीचं मला नवल नाही, आयुष्यभर पाण्यातच काढलंय. पाणी कमी असलं की कसं पुरवायचं तेही येतं. मग छत्तीस, आणि पाडव्याच्या आत."

सुजयला ती गाडी दिसली. रंगासकट. "त्याचं काय आहे," तो म्हणाला, "बाजारभाव बघितला, तर अडतीसपर्यंत..."

"अडतीस?" आबांनी पानाला चुना लावता लावता वर पाहिलं. "देवाला छत्तीस सांगितलाय मी. आता त्याला काय, फोन करून बदललाय म्हणून सांगू?"

"आणि आम्हीही व्हय म्हाराजा म्हटलंय," महिपतराव म्हणाले. "आता मी पस्तीस म्हटलं तर मला पाप आणि तुम्ही सदतीस म्हटलंत तर तुम्हाला."

सुजयने योगिनीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती. "छत्तीस," तो म्हणाला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

योगिनीने डोळे पुसले आणि नाचण्यात नाव झालेला तो चहा आणला. मालनताई मात्र व्यवहारी बाई. कप हातात घेऊन त्यांनी एकेक दोष मोजायला घेतला. "ओलीला गवंडी आणू. पाण्याला टाकी बसवू. वरच्या गौरवला जाड गादी नेऊन देऊ, टाक म्हणावं काय टाकायचं ते. राहिला एकच." त्या जरा संकोचल्या. "आबांनी शेवटी सांगितला तो. तो मोठा दोष... तो घराबरोबर तर येत नाही ना?"

"नाही हो," योगिनी घाईघाईने म्हणाली. "तो आम्ही पावसला घेऊन जातोय."

आबांचे हात सवयीने जोडले गेले. "तर तो तिकडं सुखरूप पोचू दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली, आणि सगळ्यांत मोठा आवाज, नुसत्या सवयीने, सुजयचा होता.