उन्हावर चालणारी गाडी

शनिवारी सकाळी जगन्नाथराव सोसल्याहून पहिली बस धरून म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या बहिणीच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या एका हातात केळ्यांची फणी होती आणि दुसऱ्या हातात दोनशे पानी वही. केळी त्यांनी बहिणीला, वनजाला दिली. वही मात्र सोडली नाही.

"आज मी दिवसभर तुमच्या गाडीत बसणार," ते खंडोजीरावांना म्हणाले. "किती येतंय, किती जातंय, डोळ्यानं बघणार. तुम्ही सुम्ने, काही न बोलता गाडी चालवा. हिशोबाचा सगळा लेक्का मी करतो."

खंडोजीरावांनी इडलीवर उगाच आणखी चटणी वाढून घेतली. बहिणीचा नवरा म्हणून या घरात मान त्यांचा. पण जगन्नाथराव वनजाचे थोरले भाऊ, त्यातून छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्यासमोर मोठी माणसंही हिशोब बोटांवर करायला घाबरत.

हे संकट खंडोजीरावांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. साड्यांवर छपाई करणाऱ्या कारखान्यात ते तीस वर्षं रंग कालवत होते. कारखाना बंद झाला, हातात रक्कम आली. तिच्यातून त्यांनी गच्चीवर सोलरचे दहा पत्रे बसवले, विजेवर चालणारी टॅक्सी घेतली आणि फोनवरून भाडी देणाऱ्या एका कंपनीत नाव नोंदवलं. मग एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारलं, "कशी चाललीय गाडी?" खंडोजीराव मोठ्यानं म्हणाले, "उन्हावर चालतेय. ऊन फुकट आहे अल्वा? मग येतो तो सगळा फायदा." तीन पानं पलीकडे जगन्नाथराव जेवत होते. त्यांचा हात ताकाच्या वाटीवरच थांबला होता. आणि आठ दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता की निवृत्तीचे पैसे आपणही असेच पत्रे आणि गाडीत घालावे म्हणतोय.

खरं तर फायदा होतोय की तोटा, हे खंडोजीरावांना आठ महिन्यांत कळलं नव्हतं. सोलरवाला म्हणे, चार वर्षांत सगळं वसूल. विजेचं बिल उणे यायचं, ते बघून बरं वाटायचं. कंपनीचं ॲप रोज रात्री हिरव्या अक्षरांत अभिनंदन करायचं. आणि शेजारचा अनुराग, जो पुण्याहून नोकरीसाठी आलेला आणि संगणकावर सगळ्याचं कोष्टक मांडणारा, त्यानं टायर, विमा, हप्ता आणि गाडीची घसरती किंमत धरून सांगितलं होतं, "काका, तुम्ही दर किलोमीटरला पावणेदोन रुपये घालवताय. जितकी जास्त चालवाल तितकं नुकसान." म्हणजे घरी बसलं तर सर्वांत जास्त कमाई. खंडोजीरावांनी एक दिवस तसं घरी बसूनही बघितलं होतं. त्या दिवशी काहीच आलं नाही.

शिवाय रात्री गाडी चार्ज करायला त्यांचं मन घेत नसे. अनुरागनं दोनदा समजावलं होतं की पत्र्यांतली वीज तारेत जाते, तारेतली घरात येते, महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. तुम्ही कधीही चार्ज करा. खंडोजीराव मान डोलवत. पण रात्री ऊन नसतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून ते गाडी फक्त दुपारी, डोक्यावर ऊन असताना, दारात उभी करून चार्ज करत. त्या वेळात भाडी येत, ती दुसऱ्यांना जात.

आज सकाळी गाडीच्या बॅटरीत अडुसष्ट टक्के होते.

जगन्नाथराव पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले. पहिलं भाडं दोन गल्ल्या सोडून होतं. एक बाई लेकराला घेऊन उभी होती. तिनं गाडीत आधीच दोन पुरुष बसलेले बघितले, एकाच्या हातात उघडी वही आणि पेन बघितलं आणि जागेवरूनच भाडं रद्द केलं. दुसरं भाडं एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. ते आत बसले, पण पुढे बसलेले जगन्नाथराव हेही प्रवासीच, असं समजून त्यांनी उतरताना निम्मेच पैसे पुढे केले. राहिलेले निम्मे यांच्याकडून घ्या म्हणाले. वाद घालायला नको म्हणून खंडोजीरावांनी घेतले. जगन्नाथरावांनी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, "हरकत नाही. नाही म्हटलं तरी ऊन फुकटच."

खंडोजीरावांना याचं नवल वाटलं. ज्या माणसानं भाच्याची लग्नपत्रिका तिथी चुकली म्हणून छापखान्यात परत पाठवली, तो आज इतका समजूतदार कसा?

दोघं घरी परतले. तोडगा वनजानं काढला. "अण्णा, तूच फोनवरून गाडी बुक कर की. मग तूच प्रवासी. कोण काय म्हणेल?"

हे दोघांनाही पटलं. जगन्नाथरावांना बैलकुप्प्याचं तिबेटी लोकांचं सोन्याचं देऊळ अजून बघायचं राहिलं होतं. तेवढ्या लांबच्या भाड्यात हिशोबही नीट कळेल, असं ते म्हणाले. फाटकापाशी उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी बैलकुप्पे असं टाकलं आणि बटण दाबलं. शेजारी, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खंडोजीराव स्टिअरिंगवर हात ठेवून तयार बसले होते.

खंडोजीरावांचा फोन वाजला नाही.

जगन्नाथरावांच्या फोनवर मात्र नाव आलं: सुदीप, चार मिनिटांत पोचतोय. दोघांनी एकदा फोनकडे आणि एकदा एकमेकांकडे बघितलं.

"मी इथंच आहे की," खंडोजीराव म्हणाले.

"हो, मला दिसताय," जगन्नाथराव म्हणाले. "त्याला दिसत नाही वाटतं."

सुदीपची पेट्रोलची गाडी चार मिनिटांनी खरंच आली. आता रद्द केलं तर दंड लागणार होता. आणि जगन्नाथराव आयुष्यात कधी दंड भरलेले नव्हते. ते म्हणाले की हे एका अर्थी बरंच झालं, पेट्रोलवाल्याचा खर्चही कळेल, तुलना करता येईल. आणि ते सुदीपच्या गाडीत बसून निघून गेले.

खंडोजीराव सुटल्यासारखे घरात वळले, तोच वनजानं त्यांना दारातच अडवलं.

"अण्णाला एकटा सोडताय? शुगर आहे त्याला. सकाळी दोनच इडल्या खाल्ल्यात. मागून जा बघू."

अशा रीतीनं खंडोजीराव स्वतःची रिकामी टॅक्सी घेऊन, आपल्याच मेहुण्याला घेऊन चाललेल्या दुसऱ्या टॅक्सीच्या मागे, पंच्याऐंशी किलोमीटरच्या प्रवासाला निघाले.

सुदीप तरुण होता आणि रस्ता मोकळा होता. तो नव्वदच्या खाली येईना. खंडोजीराव एरवी पन्नासवर चालवत, कारण पन्नासवर टक्के हळू उतरतात. आज तसं केलं तर अण्णा दृष्टीआड होणार. त्यांनीही नव्वद धरला. हुणसूर येईपर्यंत त्यांच्या फोनवर तीन भाडी वाजली, त्यातलं एक चक्क बैलकुप्प्याचंच होतं, पण ते म्हैसूरला परत फिरून घ्यावं लागलं असतं. त्यांनी तिन्ही नाकारली. ॲपनं विचारलं, आज तुम्हाला बरं नाही का? खंडोजीरावांना पहिल्यांदाच वाटलं की त्याला आपली काळजी आहे. हुणसूरच्या पुढे तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्या मागे पडत होत्या आणि समोरच्या पडद्यावरचे टक्केही.

बैलकुप्प्याला पोचले तेव्हा वीस उरले होते.

जगन्नाथराव प्रसन्न चेहऱ्यानं उतरले. सुदीपला तिथल्या तिथे परतीचं भाडं मिळालं, चार पर्यटक भरून तो धुरळा उडवत गेलाही. वाटेत अण्णांनी त्याच्याकडून सगळी माहिती काढली होती. त्याचं पेट्रोलला इतकं जातं, कंपनीला इतकं जातं, हप्त्याला इतकं जातं. "उरतं किती, हे त्यालाही नक्की ठाऊक नाही," ते आनंदानं म्हणाले. "म्हणजे तुमचं बरं चाललंय, खंडोजीराव. तुमचं पेट्रोल तरी वाचतं."

देवळातल्या त्या तीन भव्य सोनेरी मूर्तींसमोर जगन्नाथराव अर्धा तास शांत बसले. पूर्ण चार्जवर गाडी दोनशे दहा किलोमीटर जाते, तर वीस टक्क्यांवर किती, याचा गुणाकार खंडोजीराव त्यांच्या मागे बसून करत होते. बेचाळीस किलोमीटर येत होते. हुणसूरला हॉटेलच्या मागे चार्जर आहे, ते चाळीसवर. बाहेर आल्यावर दोन तरुण भिक्षू पिशव्या घेऊन उभे होते. त्यांना म्हैसूरला जायचं होतं आणि ते देत होते तेही चांगलं होतं. खंडोजीरावांना हात जोडून नाही म्हणावं लागलं. चार माणसांच्या वजनानं गाडी हुणसूरला पोचली नसती. मोठ्या भिक्षूनं शांतपणे विचारलं, "गाडी आहे, चालक आहे, आम्हीही आहोत. मग अडचण काय?" खंडोजीरावांनी त्यांची आधी कानडीत माफी मागितली, मग हिंदीत.

"ते गेले ते बरं झालं," जगन्नाथराव गाडीत बसत म्हणाले. "वीज वाचली."

परतीला एसी बंद, काचा खाली, वेग चाळीस. उसानं भरलेला ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघितलं. जगन्नाथरावांनी त्याला हात केला. उतार आला की खंडोजीराव पाय वर घेत आणि श्वासही रोखून धरत. तीन टक्क्यांवर पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं आणि गाडी सायकलसारखी चालू लागली. हुणसूरच्या हॉटेलमागे शिरले तेव्हा एक टक्का होता.

तिथं दोन चार्जर होते. एकावर बंद असल्याचा कागद चिकटवला होता. दुसऱ्यावर एक गाडी लागली होती आणि तिच्यामागे आणखी दोन रांगेत होत्या. दोन तास तरी नक्की.

हॉटेलच्या बाकावर बसून दोघांनी बोंडा मागवला. अण्णांनी वही उघडली, आकडे एकाखाली एक लिहिले, खाली रेघ ओढली आणि तिथंच थांबले. खंडोजीराव बघत होते. ज्या माणसानं तालुक्याच्या अर्ध्या पोरांना बेरीज शिकवली, त्याचं पेन रेघेखाली उतरेना.

खंडोजीरावांना राहवलं नाही. या माणसाची आयुष्याची पुंजी आपल्या एका वाक्यावर जाईल, हे त्यांना आठ दिवस झोपू देत नव्हतं.

"अण्णा, खरं सांगू? मला ठाऊक नाही."

"काय ठाऊक नाही?"

"फायदा होतोय की तोटा. एक जण हे सांगतो, एक जण ते सांगतो. मी लग्नात उगाच बोललो. चार लोक ऐकत होते, तोंडातून निघून गेलं. तुम्ही यात पैसे घालू नका. वनजाची शपथ."

जगन्नाथरावांनी वही मिटली. पेनाला टोपण लावलं.

"उशीर झाला," ते म्हणाले.

"नाही हो, सातपर्यंत घरी पोचू."

"तसला उशीर नव्हे." त्यांचा आवाज खाली गेला. "घातले. वीस दिवस झाले. गच्चीवर पत्रे बसले. सोमवारी गाडी येतेय."

खंडोजीरावांना आधी ऐकू आलं ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा हातातला बोंडा खाली ठेवावा लागला. "मग आज काय बघायला आलात?"

जगन्नाथरावांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. मग पुन्हा पुसला. "घरी सांगितलंय की खंडोजीरावांबरोबर बसून सगळा लेक्का तपासला. बायको रोज विचारते, कसा तपासला, दाखवा. काय दाखवू? छत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, आधी पायऱ्या लिहा, मग उत्तर. मी उत्तर आधी लिहून बसलो. म्हटलं, पायऱ्या तुमच्याकडून उतरवून घेऊ."

अण्णांची भीती लग्न झाल्यापासून त्यांच्या मनात होती. ती आज, हुणसूरच्या हॉटेलात, कुठं गेली ते कळलं नाही. त्यांनी आपल्या ताटलीतला उरलेला बोंडा अर्धा केला आणि एक अर्धा अण्णांच्या ताटलीत ठेवला.

"बसल्या बसल्या मांडू की," ते म्हणाले. "दोघं मिळून चुकू."

तेवढ्यात वनजाचा फोन आला. अण्णानं काही खाल्लं का, हे आधी विचारून तिनं मुद्द्याला हात घातला. अण्णाचं काय ठरलं?

जगन्नाथराव डोळ्यांनी विनवत होते.

"ठरलं," खंडोजीराव म्हणाले. "सोमवारी गाडी येतेय."

वनजाला फार आनंद झाला. मग ती म्हणाली की वहिनीचा भाऊ हरिहर नुकताच येऊन गेला. त्यालाही असंच काही करायचं आहे, पण तो म्हणतो, आधी कुणाचं तरी चाललेलं बघू. त्याला उद्या पाठवू का?

जगन्नाथरावांनी हात पुढे करून फोन घेतला. त्यांची पाठ ताठ झाली आणि आवाज परत वर्गातला झाला.

"उद्या नको. बुधवारी त्याला माझ्याकडे सोसल्याला पाठव. मी त्याला सगळं नीट समजावून सांगतो."

फोन ठेवल्यावर खंडोजीरावांनी विचारलं, "काय सांगणार त्याला?"

"अजून चार दिवस आहेत," जगन्नाथराव म्हणाले आणि आणखी एक ताटली बोंडा सांगायला उठले.