चाँदमियाँची मुकी गल्ली

वरात गुलमंडीवरून वाजतगाजत निघायची आणि पैठण दरवाज्याकडच्या एका गल्लीच्या तोंडाशी आली, की बँडवाला चाँदमियाँ उजवा हात वर करायचा. झालं! ढोल बंद, ताशा बंद, पितळी भोंगे बंद. घोड्यावरचा नवरदेव बावचळून इकडेतिकडे बघायचा. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना हळूच विचारायच्या, "कुणाकडं काही झालं का हो?"

मशिदीपुढं वाद्यं थांबवायची रीत सगळ्या शहराला ठाऊक होती. पण त्या गल्लीत ना मशीद होती, ना देऊळ. एक चुनेवाला, एक आटलेली विहीर आणि थोडी घरं.

"अहो मियाँ, पुऱ्या रस्त्याचा बँड ठरवलाय!" वरबाप ओरडायचा.

"हौ साब. पर ही गल्ली आमच्या रस्त्यात येत नाय," चाँदमियाँ थंडपणे सांगायचा आणि क्लॅरिओनेट काखेत मारून खाली मान घालून चालू लागायचा. शहागंजातल्या भाड्याच्या घोड्याला तर म्हणे अशी सवय लागली होती, की बँड नसला तरी तिथं तो टापा जपून टाकायचा.

ही निजामाच्या अमदानीतली गोष्ट. बोलपट नवे होते आणि त्यातली गाणी चाँदमियाँच्या क्लॅरिओनेटमधूनच आमच्या गावाला आधी कळायची. लाल कोट, त्याला पितळेची बटणं, त्यातलं एक कुठल्यातरी फौजदाराच्या कोटाचं. वाद्य मात्र बायकोच्या मऊ ओढणीत गुंडाळलेलं. मी कचेरीत अहलकार, म्हणजे साधा कारकून होतो आणि गाणं शिकत होतो. दोन्हीकडं माझा आवाज कुणी ऐकत नसे. तरी तो मला 'पंडित' म्हणायचा.

"आपलं दुकान हाय पंडित, दुकान," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "गिऱ्हाईक मागंल तो माल द्यायचा."

पण दुकान त्याला धड चालवता आलं नाही. बोलपटातल्या गाण्याच्या दोन ओळी सरळ जायच्या, तिसरीला त्याच्या अंगात राग यायचा. म्हणजे गाण्यातला. एकदा सराफ्यातल्या एका शेटच्या मुलाच्या वरातीत तो ऐन चौकात गंधारावर जाऊन बसला तो उठेचना. ताशेवाले हात थांबवून एकमेकांकडं बघायला लागले. नवरदेवाचा मामा घामाघूम. "मियाँ, मुहूर्त टळतोय!" चाँदमियाँनं डोळे मिटूनच मान हलवली. नंतर मला म्हणाला, "तो सूर आजच आला व्हता रे घरी. मेहमानाला बसा बी नाय म्हणायचं? बुरं दिसतं ते."

आता त्या गल्लीचं सांगतो. तिथं आमचे गाण्याचे उस्ताद खाँसाहेब राहायचे. मी आणि चाँद, दोघंही त्यांचे शागीर्द. चाँद माझ्या आधीचा आणि, आज लिहून टाकतो, माझ्याहून फार वरचा. त्याचे वडील अचानक गेले, पाठच्या बहिणी लग्नाच्या होत्या, म्हणून त्यानं बँडचा लाल कोट चढवला. खाँसाहेब संतापले. मी समोरच बसलो होतो. "बाजारात जातोस तर जा. पण तो बाजार माझ्या दारात आणू नकोस."

चाँदनं सलाम केला आणि उठला. रागातलं बोलणं राग उतरला की संपतं, हे कुणालाही कळेल. त्याला कळलं नाही. उस्तादांचा शब्द म्हणजे हुकूम! तेव्हापासून त्या दारापुढं त्यानं कधी सूर काढला नाही.

मी मात्र शिकत राहिलो. मला मोठा अभिमान होता, की मी कला विकली नाही. चारचौघांत म्हणायचोही, "चाँदनं गळ्यातली गंगा गटारीला सोडली." माझ्याकडं विकत घ्यायला कधी कुणी आलं नव्हतं, एवढं मात्र सांगत नव्हतो.

खाँसाहेबांनी अंथरूण धरलं त्या थंडीत मी रोज त्यांचे पाय चेपायला जात असे. लग्नसराई होती. लांबून बँड ऐकू आला, की ते उशीवरून मान उचलायचे. वरात जवळ यायची, गल्लीच्या तोंडाशी सगळं थांबायचं, आणि ते भिंतीकडं कूस वळवायचे. एकदा मला म्हणाले, "चाँदच आहे. माझ्या दारापुढंच का थांबतो? अजून रुसलाय माझ्यावर? त्याला सांग, वाजवत जा म्हणावं."

"जी, सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. तो परत आला असता, तर त्या खोलीत मला कोण विचारणार होतं? आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो आणि खाँसाहेब गेले. जनाज्यात चाँद सगळ्यांच्या मागं चालत होता. त्यानंतरही कित्येक वर्षं वराती त्या गल्लीतून मुक्यानंच जात राहिल्या. दर वेळी तो हात वर गेला, की मी दुसरीकडं बघायचो.

शेवटी परवा दुपारी बँडच्या खोलीवर गेलो. चाँदमियाँ एकटाच होता. दाढी पांढरी झालेली, डोळ्यांजवळ धरून वाद्याच्या तोंडाला लावायची बोरूची पट्टी घासत होता. बसायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. आता हा मला हाकलणार, निदान शिवी तरी घालणार, अशी माझी खात्री होती. घातली असती तर बरंच वाटलं असतं.

पट्टी घासत घासतच त्यानं विचारलं, "आजून काय म्हणाले?"

"तुझा निषाद उतरतो म्हणाले. वर जाताना."

त्याचा घासणारा हात थांबला.

"निषाद म्हणाले? पक्कं?"

"पक्कं. ओठ ढिला सोडतो म्हणाले."

"मंग तर ध्यान दिऊन ऐकत व्हते रे," तो म्हणाला. डोळे भरले होते, पण तोंडभर हसत होता. "लांबून निस्ता गलका ऐकू येतो, पंडित. निषाद नाय ऐकू येत. त्याच्यासाठी कान लावून बसाया लागतं."

त्यानं पट्टी बसवली, ओठ ओले केले आणि एका जुन्या वरातीच्या गाण्याची ओळ वर नेली. निषादावर थांबला. माझ्याकडं पाहिलं.

"आता?"

"आता बरोबर," मी म्हणालो.

"झूट नक्को बोलू," चाँदमियाँ म्हणाला. "तुला कळत नाय त्यातलं. बस, आजून एकदा लावतो."