अकरा दारांवरचा चेहरा

पोलिसांची जीप दुकानासमोर थांबली तेव्हा किल्लीवाला नेहमीप्रमाणे हत्यारांची पिशवी उचलून तयारच झाला. जीप आली म्हणजे कुठेतरी घरफोडी झाली आणि तुटलेलं कुलूप बदलायला आपल्याला बोलावणं आलं, हा वर्षभराचा शिरस्ता होता. बायकोला "जेवायला येतो" म्हणून तो पुढच्या सीटकडे वळला, तर हवालदाराने त्याला मागे बसायला सांगितलं. समोरच्या चाळीच्या तिन्ही गॅलऱ्या एव्हाना बघ्यांनी भरल्या होत्या.

चौकीत साहेबांच्या टेबलावर चेहरे ओळखणारं नवं मशीन बसवलं होतं. घरफोडी झालेल्या अकरा घरांबाहेरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साहेबांनी त्यात घातलं आणि अकराही ठिकाणी कोण दिसतं, असं विचारलं. मशीनने मिनिटभरात एक चेहरा काढून दिला. चेहरा किल्लीवाल्याचा होता.

"मी दिसणारच की. तुम्हीच नेलं होतं मला," किल्लीवाला म्हणाला. "चोरी रात्रीची, मी सकाळचा. तेही तुमच्याच जीपमधून."

"मशीन म्हणतंय, चौऱ्याण्णव टक्के तो तूच आहेस."

"मी शंभर टक्के सांगतो. तो मीच आहे."

"लिहून घ्या," साहेब हवालदाराला म्हणाले. "कबूल झाला."

किल्लीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं लोक आपलं दार त्याच्या हवाली करून खुशाल बाजारात जात होते. त्याचा धंदा किल्ल्यांवर नव्हे, त्या भरवशावर चालत होता, आणि हे दीडशहाणं यंत्र तो एका सकाळीत मोडून बसलं होतं. अकरा ठिकाणी दुसरं कोणीच कसं दिसलं नाही, असं त्याने दातओठ खात विचारलं. हवालदार भाबडेपणाने बोलून गेला, "साहेब दिसले होते, मीही होतो. पण पोलिसांचे चेहरे आधीच वगळले होते ना." साहेबांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकला.

चार वाजता मोठे साहेब मशीनची करामत बघायला येणार होते. तोपर्यंत चोरीचा माल कुठे आहे एवढं वदवून घ्यावं म्हणून साहेबांनी किल्लीवाल्याला कोठडीत घातलं, स्वतः त्याच्यामागे आत शिरले आणि रुबाबात दार मागे ओढून घेतलं. कुलपातून कट्कन आवाज आला. त्या कुलपाची स्प्रिंग गेली आहे, नवं बसवा, असं किल्लीवाल्याने मागच्या दोन खेपांना सांगितलं होतं, आणि "बघू" म्हणून साहेबांनी दोन्ही वेळा विषय संपवला होता. आता हवालदाराने किल्ली फिरवली तर ती नुसतीच गोल गोल फिरली. साहेबांनी आतून दार हलवलं, मग हवालदाराने बाहेरून आणि त्यांनी आतून मिळून हलवलं. कुलूप ढिम्म.

साडेतीन वाजले. साहेब ओरडले, "कुणाला तरी बोलवा." हवालदाराने भिंतीवरचा 'कुलूप अडल्यास' असं लिहिलेला नंबर लावला. साहेबांच्याच टेबलाच्या खणात, जप्त केलेला किल्लीवाल्याचा फोन वाजू लागला. बिचाऱ्या हवालदाराने तो पूर्ण वाजू दिला.

"पिशवी द्या त्याला," साहेब शेवटी म्हणाले.

हवालदाराने गजांमधून पिशवी आत सरकवली. किल्लीवाला जागचा हलला नाही. त्याने छताजवळच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो बघतोय. मी कुलपाला हात लावला की तुमचं मशीन बारावं दार माझ्या नावावर लावणार. तेही पोलीस कोठडीचं."

"मी आहे ना इथे. मी सांगेन की मीच उघडायला लावलं."

"अकरा वेळा तुम्हीच तर होता. एकदा तरी सांगितलंत?"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी रजिस्टर मागवलं आणि कोठडीच्या फरशीवर मांडी घालून, गुडघ्यावर धरून लिहिलं की अकराही ठिकाणी या माणसाला चोरीनंतर पोलिसांनीच बोलावलं होतं. त्याची प्रत, सही, शिक्का सगळं गजांमधून आत-बाहेर झालं. किल्लीवाल्याने एकेक शब्द वाचला आणि म्हणाला, "जीपमधून नेलंत, जीपमधूनच सोडायचं. भर उजेडात. गल्लीने मला जाताना बघितलंय, येतानाही बघू दे."

साहेबांनी मान डोलावली. किल्लीवाल्याने पिशवीतून एक बारीक पट्टी काढली आणि सात सेकंदांत दार उघडलं. मोठ्या साहेबांची गाडी तेव्हा फाटकातून आत येत होती.

कबूल केल्याप्रमाणे जीप त्याला सोडायला गेली. हवालदाराने आपल्याकडून भर म्हणून सायरनही वाजवला. तिन्ही गॅलऱ्या पुन्हा भरल्या आणि माल कुठे पुरलाय ते दाखवायला आणलंय, अशी कुजबुज जीप थांबायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचली. किल्लीवाला उतरला, बायकोने आणलेलं पाणीही न पिता त्याने शिक्क्याचा कागद दुकानाच्या काचेवर आतून चिकटवला आणि दारातच उभा राहिला. कोणी तरी येईल, वाचेल, काही तरी बोलेल म्हणून तो वाट बघत होता. संताप अजून उतरला नव्हता.

अखेर समोरच्या शिक्षिकाबाई आल्या. किल्ली आत राहून त्यांचं दार लॉक झालं की दर महिन्याला तोच धावत जायचा. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"मला माहीतच होतं हो भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या माणसावर असा आळ घ्यायचा म्हणजे काय. लाज वाटायला हवी त्यांना."

दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी शहाण्यासारखं बोललं होतं. किल्लीवाल्याने त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"बसत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. "घराला नवं कुलूप हवं होतं. चांगलं भक्कम दाखवा. तुम्हालाही उघडता येणार नाही असं."