टॅग न काढलेलं हेल्मेट

नेदरलँड्समधल्या ब्रेडा मुक्कामी राहणारे, मूळचे पुण्याचे शिरीष खांबेटे यांनी पन्नाशी दाराशी आलेली असताना वाळूच्या टेकाडांवरून मोटारसायकल उडवण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय त्यांनी पूर्ण शुद्धीत घेतला होता, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं.

निर्णयामागे त्यांची मुलगी तेजल होती. पंधरा वर्षांची ही मुलगी दर शनिवारी गावाबाहेरच्या क्रॉसबानवर, म्हणजे डर्ट बाइकच्या ट्रॅकवर जायची आणि कानात वाळू घेऊन परत यायची. अलीकडे वडिलांच्या कुठल्याही वाक्याला ती 'ओके' एवढंच उत्तर देत असे. शिरीषराव सविस्तर मराठीत विचारत, ती डच पद्धतीने 'ओके' म्हणे आणि जिना चढून खोलीत जाई. अशा या मुलीने एका संध्याकाळी वरणभात कालवता कालवता आपण होऊन तोंड उघडलं.

"बाबा, सप्टेंबर एन्डला क्लबमध्ये पेरेंट्स डे आहे. पेरेंट्स राइड टू. यू आर कमिंग, तॉख?"

'तॉख' म्हणजे इकडचं 'हो ना?'. शिरीषरावांना ठसका लागला. आपल्या मुलीला आपण कुठेतरी बरोबर यायला हवे आहोत! त्यांना अगदी भरून आलं. "येणार म्हणजे काय, येणारच!" असं म्हणून ते घटाघटा पाणी प्यायले, आणि पाणी पिऊन झाल्यावर मूळ स्वभावावर आले.

"पण आधी सेफ्टी," ते म्हणाले.

"ओके," तेजल म्हणाली.

शिरीषराव एका गोदामांच्या कंपनीत रिस्क अ‍ॅनालिस्ट होते. म्हणजे दुसरा कोणी काही करायला निघाला की त्यात काय काय बिघडू शकतं हे सांगण्याचा त्यांना पगार मिळत असे. स्वतः काही करायला निघण्याचा अनुभव मात्र त्यांच्या गाठीशी नव्हता. त्यामुळे ते पहिल्यांदा क्लबच्या ट्रेनरला, व्हिमला जाऊन भेटले. व्हिम हा चिखलाने माखलेला, हसतमुख गृहस्थ होता. त्याने पाठीमागचा लोखंडी कंटेनर उघडून दाखवला. आत हेल्मेटं, गॉगल, गुडघ्यांचे पॅड, छातीची कवचं आणि ढोपरापर्यंतचे बूट टांगलेले होते.

"सगळं आहे. मापाचं उचला, घाला, बसा," व्हिम म्हणाला.

"हे सगळं नीट तपासलेलं आहे?" शिरीषरावांनी विचारलं.

"दर आठवड्याला. मीच तपासतो."

"पण निवडीची प्रक्रिया काय?"

व्हिमला प्रश्न समजला नाही. शिरीषराव समजायचं ते समजले. ज्या देशात प्रक्रियेवाचून माणसं मोटारसायकलवर बसतात, तिथे आपल्या हाडांची काळजी आपणच घ्यायला हवी, असं ठरवून ते घरी आले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला.

उभे रकाने, आडवे रकाने, प्रत्येक रकान्याला वजन, वजनाला रंग. पण तक्ता भरता भरता त्यांच्या लक्षात आलं की एकट्याच्या मताला काही अर्थ नाही. सबब त्यांनी 'सुरक्षा कवच' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्यात नायमेखनच्या एका चिप कंपनीतले सुखदेव आले, एनस्खेडेच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानावर संशोधन करणारे विनायक आले, आणि कोणी न बोलावता मराठी मंडळाच्या चिटणीस सुनेत्राताई आल्या. यांच्यापैकी कोणीही कधी डर्ट बाइकवर बसलेलं नव्हतं, त्यामुळे चर्चा फार वरच्या पातळीवर झाली.

"हेल्मेट चांगलं आहे की नाही, हे ते फोडल्याशिवाय कळत नाही," सुखदेवांनी लिहिलं. "आमच्याकडे चिपचं तसंच करतात."

"पण एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरता येत नाही," विनायकांनी कळवलं.

"म्हणून दोन घ्यायची. एक फोडायचं."

"एकावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. निदान डझनभर तरी फोडायला हवीत."

यावर सुनेत्राताईंनी आधी 'जखम' या शब्दाची व्याख्या ठरवावी अशी सूचना मांडली, आणि ती व्याख्या करण्यासाठी मंडळाची साहस उपसमिती स्थापन झाल्याचं त्याच निरोपात जाहीर करून टाकलं. खरचटणं ही जखम धरावी का, मुका मार धरावा का, लोकांनी हसल्याने मनाला होते ती कुठे बसवावी, यावर रविवारची सकाळ गेली. शिरीषरावांच्या पत्नी मंजूषा शेजारी बसून कोथिंबीर निवडत सगळं ऐकत होत्या.

"पडलं की कळते रे व्याख्या," त्या म्हणाल्या. "मी साताऱ्यात लूना चालवायचे तेव्हा कुठे होती उपसमिती?"

"लूना वेगळी," शिरीषराव म्हणाले.

"हो, तिला पायडल होतं," असं म्हणून मंजूषाताई कोथिंबीर घेऊन आत गेल्या.

ऑगस्टमध्ये मानेचा प्रश्न निघाला. हेल्मेटखाली नेक ब्रेस, म्हणजे मानेभोवतीचं कडं, घालावं की नाही? सुखदेव म्हणाले घालावं, विनायक म्हणाले त्याने मान वळत नाही. एकाने दुसऱ्याची पदवी काढली, दुसऱ्याने पहिल्याचं गाव काढलं, आणि आपल्या थोर परंपरेला जागून विनायकांनी 'सुरक्षा कवच (खरं)' हा दुसरा ग्रुप काढला. शिरीषराव दोन्हीकडे राहिले. आता एकच वस्तू दोन ग्रुपांत मंजूर करून घ्यावी लागे.

मंजूर वस्तूंची खोकी येऊ लागली. बूट आले ते घालून पाहताना असं निष्पन्न झालं की डर्ट बाइकचा बूट घोट्यात वाकत नाही आणि डच घराचा उभाच्या उभा जिना घोटा वाकवल्याशिवाय उतरता येत नाही. शिरीषराव वरच्या मजल्यावरच अडकले. ऑफिसची मीटिंग त्यांनी वरून शर्ट, खालून बूट अशा अवस्थेत पार पाडली. तेजल शाळेतून आली, तिने जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला आपला बाप पाहिला आणि ती पोट धरून हसली. मग वर येऊन तिने त्यांचे बूट ओढून काढले. शिरीषरावांना त्या दिवशी फार बरं वाटलं.

"शनिवारी ये ना प्रॅक्टिसला," ती म्हणाली. चक्क मराठीत म्हणाली. "व्हिम शिकवेल. जस्ट वन राउंड."

शिरीषरावांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्याबाबत दुसऱ्या ग्रुपने हरकत नोंदवली होती.

"या शनिवारी नको गं राणी. हेल्मेट फायनल नाही झालेलं."

"ओके," तेजल म्हणाली.

तो शनिवार गेला, पुढचाही गेला. मध्यंतरी शिरीषरावांची कीर्ती मात्र पसरली. मंडळाने त्यांचं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं, 'डर्ट बाइक: इजा टाळण्यासाठी साधनांची निवड'. युरोपभरचे मराठी लोक हजर होते. प्रश्न अभ्यासपूर्ण आले. वक्त्याने बाइक चालवली आहे का, हा एक सोडून सगळे आले. व्याख्यान चालू असताना तेजल खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा पडद्यावर कोपराच्या पॅडचा छेद समजावत होते. थोडा वेळ थांबून ती निघून गेली.

अखेर पेरेंट्स डेच्या आदल्या दिवशी दोन्ही ग्रुपांचं एकाच हेल्मेटवर एकमत झालं. ते एका दुकानात येऊन पडलं होतं. शिरीषराव ताबडतोब सायकल काढून निघाले. अर्थातच बोडक्या डोक्याने. या देशात सायकलवर हेल्मेट कोण घालतं? ते घालणारा माणूस एकतर पर्यटक असतो, नाहीतर जर्मन. पावसाची भुरभुर होती, रस्त्यावर पानांचा चिकचिकाट झाला होता. शिरीषरावांनी खोकं बगलेत धरलं आणि एका हाताने हँडल सांभाळत ते परत फिरले.

हेल्मेट डोक्यावर चढवून यायला काय हरकत होती, असं एखादा विचारेल. हरकत टॅगची होती. टॅग काढला की वस्तू परत करता येत नाही, आणि अंतिम माप उपसमितीसमोर व्हिडिओ कॉलवर व्हायचं होतं. तोवर टॅगला हात लावायचा नाही, असा ठराव होता.

चौकातल्या वळणावर चाक पानांवरून सटकलं. अशा वेळी माणूस हात पुढे करतो. शिरीषरावांनी हँडलवरचा हातही सोडला आणि दोन्ही हातांनी खोकं छातीशी घट्ट कवटाळलं, पोटच्या पोरासारखं. ते खांद्यावर आपटले. खोक्याला ओरखडाही आला नाही.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने गळपट्टीच्या मोडलेल्या हाडाचा एक्स-रे पाहिला.

"हेल्मेट होतं?"

"होतं."

"डोक्यावर?"

"हातात."

"का बरं?"

"टॅग होता," शिरीषराव म्हणाले. डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारून पुन्हा एकदा डोकं तपासलं, मग हात झोळीत बांधून दिला आणि पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी क्रॉसबानवर मोकळं ऊन पडलं होतं. नारिंगी पट्टीच्या अलीकडे, घडीच्या खुर्चीत, झोळीत हात घालून शिरीषराव बसले होते. तेजल सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. 'ओके'सुद्धा नाही. एकेक आई-बाप कंटेनरमध्ये शिरून अवकाशयात्री होऊन बाहेर येत होते. तेजल आपल्या बाइकशेजारी एकटीच उभी होती. ते बघवेना म्हणून शिरीषरावांनी मान फिरवली, तर शेजारची खुर्ची रिकामी.

कंटेनरमधून मंजूषाताई बाहेर पडल्या. डोक्यावर कोणाच्या तरी घामाने ओलं हेल्मेट, अंगात दोन मापं मोठं कवच, पायात व्हिमच्या बायकोचे बूट. कोणी काही विचारायच्या आत त्या क्लबच्या बाइकवर बसल्या. पहिल्याच उंचवट्यावर बाइक एकीकडे गेली आणि त्या दुसरीकडे. शिरीषराव ओरडत उठले. वाळूतून आधी एक हात वर आला, मग मंजूषाताई आल्या, हसत हसत.

"आई! परत! परत एकदा!" तेजल जिवाच्या आकांताने ओरडत होती. मराठीत.

मग मायलेकी आपापल्या बाइकवरून बरोबरच सुटल्या. पट्टीजवळून जाताना तेजलने गाडी हळू केली. "बाबा, फोटो काढ आमचा," एवढं म्हणून ती गेलीसुद्धा. ही जागा आपली होती, मुलीने आपल्याला बोलावलं होतं, हे शिरीषरावांना आता नको इतकं स्वच्छ दिसत होतं. खांद्यापेक्षा ते जास्त दुखत होतं, आणि त्यावर पॅरासिटामॉल चालणार नव्हतं.

त्यांनी डाव्या हाताने फोन काढला. कॅमेरा उघडायच्या आत सुखदेवांचा निरोप दिसला, "काल अपघात झाला म्हणे. हेल्मेट कसं निघालं?" शिरीषरावांनी समोर पाहिलं. धूळ उडाली होती, दोघी पुढच्या वळणाआड गेल्या होत्या. फोटो हुकला. मग एका बोटाने, सवयीने, त्यांनी खरं तेच लिहिलं, "उत्कृष्ट. अपघातानंतरही एक ओरखडा नाही."

संध्याकाळपर्यंत दोन्ही ग्रुपांतल्या सगळ्यांनी तेच हेल्मेट मागवलं होतं.

आणि वाचकहो, आता खरं सांगा. तेजल पुन्हा बापाशी बोलली का, हे विचारायचं सोडून, 'पण हेल्मेट नक्की कुठलं घेतलं त्यांनी?' हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला की नाही? लाजू नका. नेक ब्रेसबद्दल तुमचं मत काय ते तेवढं कळवा, म्हणजे कुठल्या ग्रुपची लिंक पाठवायची ते ठरवता येईल.