कुठला अण्णा?

आमच्या खासबागेतल्या गल्लीत कुणी 'अण्णा!' अशी हाक मारली, की निम्मी गल्ली 'ओ' देते आणि शांतूअण्णा 'एरर!' म्हणून ओरडतात. इतक्या जोरात, की तिकडं येळ्ळूरच्या शिवारातले बैल थबकतात.

"कुठला अण्णा? दूधवाला, गिरणीवाला, का मी? आदी ठरीव, मग वरड!"

शांतूअण्णा मूळचे निपाणीचे. घरचा तंबाखूचा व्यापार सोडून हे कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरले आणि जन्मभर इंजिनीयर लोकांना फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहून देत बसले. फोरट्रान म्हणजे शास्त्रज्ञांची अवाढव्य गणितं सोडवणारी जुनी संगणकभाषा. निवृत्त झाले, तरी ती सुटली नाही. तंबाखूचं पान किती वेळात वाळेल, याचा प्रोग्रॅम अजून चालूच आहे. मधल्या काळात कैक पिकं वाळून, वळून, ओढूनही झाली.

एकदा मी वाटीभर साखर मागायला गेलो, तर व्याख्यानच पदरात पडलं.

"हे बघ. 'बेरीज' ह्या एकाच नावाखाली दोन गडी ठेवता येत्यात. एक पूर्णांक घेणार, दुसरा अपूर्णांक. हाक एकच. हातात काय दिलंस ते बघून कंपायलर, म्हंजे प्रोग्रॅम तपासणारा मुकादम, ठरवतो, कुणी उठायचं. पण दोघं बी पूर्णांकच घेणारं निघालं तर?"

"जो रिकामा आहे तो उठेल की."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "आरं, ती काय तुमची सोसायटी हाय व्हय? कंपायलर दोघांस्नी दारातच आडवतो. कोण हाक मारतंय ह्याची वाट सुदिक बघत न्हाय. आदीच एरर!"

मी म्हटलं, "मग तुम्ही काकूंना नुसतं 'अगं' म्हणता, ते कसं चालतं? ती हाक तर गल्लीतल्या सगळ्या बायकांना लागू."

अण्णांनी माझी रिकामी वाटी उलटीपालटी करून बघितली. स्वयंपाकघरातून इंदूकाकूच बोलल्या, "कुणी उठायचं ते मला ठावं हाय. साखर न्या तुमी."

पण कायदा तो कायदा. गल्लीत मोत्या नावाची दोन कुत्री होती. अण्णांनी एकाचं नाव बदललं. ते अजून रुसलंय, भाकरी दाखवली तरी तोंड फिरवतं. थोरल्या लेकाला स्थळ आलं, तर मुलीचं नाव नेमकं त्याच्या आत्याचं. अण्णा 'एरर!' म्हणून तिथूनच उठले. पोहे मात्र संपवून.

म्हणून नातीचं बारसं ठरलं, तेव्हा सारी गल्ली धास्तावली. इंदूकाकूंना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि सून हटून बसली होती, पोरीचं नाव इंदूच.

"मामंजींनी एरर म्हटलं तर वो?" ती मला विचारत होती. "मला दुसरं नाव सुचतच न्हाय."

पाळणा सजला. बायकांची गाणी संपली. आत्या नाव सांगायला वाकली, एवढ्यात अण्णा उठले. "थांबा."

सुनेचा चेहरा उतरला. अण्णा पाळण्याजवळ आले, पण पोरीकडं त्यांनी बघितलंच नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड केलं आणि उभ्या संसारात जी हाक कधी मारली नव्हती, ती मारली.

"इंदू!"

हाकेच्या आधीच निकाल देणारा हा माणूस आज हाक मारून बघत होता. दाराचा पडदा हलला नाही. गल्लीतून कुणीच 'ओ' दिली नाही. आमचा तो रुसका माजी मोत्यासुद्धा उंबऱ्याशी कान टवकारून गप्प उभा.

पाळण्यातून तेवढी कुरकुर ऐकू आली.

"आला न्हाय एरर," अण्णा हळूच म्हणाले. "ठेवा नाव."