वामनरावांबरोबर घोरावडेश्वर

डोंगराच्या पायथ्याशी हजेरी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वामनराव. आम्ही बहुधा दोघं-तिघंच असायचो, सगळे समोर उभे, तरी ते वहीतून नावं पुकारत आणि "हजर" ऐकू येईपर्यंत मान वर करत नसत. एकदा काशिनाथ नुसता हसला, तर त्याच्या नावापुढे फुली पडली आणि बिचारा अख्खा डोंगर गैरहजर म्हणून चढला.

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहत होते. मी सोलापूरहून आलेला, काशिनाथ परभणीचा फिटर. वामनराव आमच्या कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होते. एक मिनिट उशीर झाला तरी "नियमात बसत नाही" म्हणून लाल रेघ मारायचे. त्यांनी फाटकापाशी स्वहस्ते पाटी लावली होती : 'रविवारी पर्वतारोहण. पाणी ज्याचे त्याचे. ज्ञान विनामूल्य.' नवीन माणसं का जायची, हे सांगायला नको. लाल रेघ कुणाच्या हातात होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळच्या गाडीने देहूरोडला उतरायचं आणि तिथून घोरावडेश्वराच्या डोंगरापर्यंत पायी. वामनराव पुढे. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात छत्री. चार पावलांना एक श्वास घ्यायचा, असा त्यांचा दंडक. स्वतःचा श्वास मात्र विसाव्या पायरीलाच संपे. मग ते थांबून एखाद्या झाडाची माहिती सांगू लागत. धाप जितकी मोठी, तितकं झाड औषधी. वरच्या लेण्यांपर्यंत पोचता पोचता दम अगदीच गेलेला असे, म्हणून लेण्यांचा इतिहास सर्वांत लांब. तो दर रविवारी बदलायचा. एका रविवारी लेणी पांडवांनी खोदली, पुढच्या रविवारी कुठल्याशा राजाने.

माथ्यावर गेलं की छत्री पूर्वेकडे रोखून ते म्हणायचे, "ते पुणं." एकदा तिथे शेरडं राखणारी एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "ते पुणं न्हाई, बाबा. वीटभट्टीचा धूर हाय." वामनरावांनी छत्री जराही हलवली नाही. पुणं धुराच्या मागे आहे, असं त्यांनी तिला शांतपणे समजावलं.

या सगळ्याला मी विटलो होतो. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी उतरताना ते एका झाडापाशी थांबले, तशी मी मागच्या मागे सटकून वाळल्या गवतातून आडवाट धरली. आडवाट नियमात बसत नव्हती, म्हणून तर धरली. पन्नास पावलंही गेलो नसेन, मुरमावरून पाय सरकला आणि घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

वामनराव गवतातून घसरत, मोजे फाडून घेत खाली आले. आता नियम ऐकावा लागणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. त्यांनी छत्री काशिनाथकडे दिली, माझ्याकडे पाठ करून खाली बसले आणि म्हणाले, "बसा." पन्नाशीचा काटकुळा माणूस, मी त्यांच्याहून जड. सडकेवर बैलगाडी मिळेपर्यंत त्यांनी आणि काशिनाथने मला आळीपाळीने पाठीवर नेलं. वाटेत त्यांनी एकाही झाडाची माहिती सांगितली नाही.

माझी खोली माडीवर होती आणि जिना शिडीसारखा उभा. म्हणून त्यांनी मला चिंचवड गावठाणातल्या आपल्या खोलीवर नेलं. तिथे ते एकटेच राहत. पायापेक्षा मला नोकरीची धास्ती होती. मी अजून कायम झालो नव्हतो, आठवडाभर खाडे पडले की घरी जायची वेळ. सोमवारी वामनराव साहेबांकडे स्वतः अर्ज घेऊन गेले. माणूस माझ्या देखरेखीखाली असताना पडला, दोष माझा, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. आडवाटेचा उल्लेखही नव्हता. रजा मंजूर झाली. हे मला काशिनाथकडून कळलं.

सकाळ-संध्याकाळ ते घोट्याला आंबेहळदीचा गरम लेप लावत, तोही घड्याळ लावून. जेवताना मात्र गावाकडचं विचारत. घरी कोण कोण आहे, आई कशाची भाजी चांगली करते, बहिणीचं सासर कुठलं. उत्तर संपलं की पुढचा प्रश्न तयार. त्यांच्या घरचं मी एकदा विचारलं, तर भात लागेल म्हणून उठून गेले.

शनिवारी सूज पूर्ण उतरली. खोलीभर चालून दाखवलं आणि आता निघतो म्हणालो. वामनरावांनी मला खाटेवर बसवलं. पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने घोटा सगळीकडून दाबून पाहिला. कुठेच दुखत नव्हतं.

"इथे दुखतंय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. अंगठा मात्र तिथेच ठेवला.

"थोडं," मी म्हणालो.

"मग आज नको," असं म्हणून ते उठले आणि दोघांचे तांदूळ धुवायला घेतले.