बिनदाराची भिंत

अभिरुची म्हणून जी काही चीज असते, ती आमच्या अख्ख्या इमारतीत एकाच घरात आहे आणि ते घर माझं आहे! बाकीच्यांकडे काय, सोफे आहेत, टीव्ही आहेत, माणसं आहेत. आमच्याकडे भिंत आहे.

साधी भिंत नव्हे. दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सात उंच फळ्या, सायीच्या रंगाच्या, अंगाला अंग लावून उभ्या. त्यातल्या चार फळ्या म्हणजे दारं आणि तीन म्हणजे निव्वळ भिंत. कोणती कोणती, ते ओळखून दाखवावं! बाहेरून ना कडी, ना हँडल, ना बिजागरी. ढकललं की दार आत उघडतं, आपण शिरलो की मागे स्प्रिंगनं आपोआप मिटतं, आणि भिंत पुन्हा साळसूद चेहऱ्यानं उभी, जणू तिनं माणूस गिळलाच नाही.

“दार दिसणं आता मागासलेपणाचं मानतात,” असं डिझायनरबाई म्हणाल्या, तेव्हा आजवर उघड्या डोळ्यांनी दारं बघत जगल्याची मला लाज वाटली.

“आतून तरी हँडल लावू ना?” त्यांनी विचारलं.

“खोल्यांना लावा, बाथरूमला लावा. अडगळीच्या खोलीला कशाला? अडगळ काय बाहेर यायचं म्हणणार आहे?”

डिझायनरबाई खूप हसल्या. हा विनोद लक्षात ठेवा. मला तो विसरता येत नाही.

“छान आहे हो,” बायको म्हणाली. “अगदी दवाखाना वाटतोय. पेशंटनं कुठून बाहेर पडायचं, तेवढं विचारून घ्या.”

राहिले बाबा. बाबांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या यार्डात चाकं ठोकली. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्यापाशी वाकायचं, चाकावर एक टोला, आणि कान. चाक धड असेल तर घंटेसारखं गातं, तडा गेलेला असेल तर घसा बसल्यासारखं बोलतं. मग खिशातला खडू काढायचा आणि चाकावर फुली. फुली पडलेला डबा तिथेच सुटा व्हायचा, उरलेली गाडी पुढे जायची. आत माणसं निवांत झोपलेली असायची आणि त्या झोपेखाली बाबांचा कान जागा असायचा.

अशा माणसाला माझी भिंत पचेना. पहिल्याच आठवड्यात ते बाथरूम समजून तीनदा आमच्या बेडरूममध्ये आले आणि दोनदा निखळ भिंतीला “अरे उघड की” म्हणत उभे राहिले. शेवटी त्यांनी खडू काढला. स्वतःच्या दारावर खाट, बाथरूमवर पाण्याचा थेंब, आमच्या दारावर दोन उशा, अडगळीवर पेटी. चिमुकली, सुबक चित्रं. मी रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायचो आणि ते रोज दुपारी पुन्हा काढायचे.

“बाबा, भिंतीला स्वतःचं बोलू द्या हो!”

“ती बोलतच नाही रे. म्हणून तर लिहावं लागतं.”

मग एके दिवशी त्यांच्या खाटेवर बॅग दिसली. भरलेली.

“रविवारी ताई न्यायला येतेय,” बाबा म्हणाले.

“किती दिवस?”

“बघू.”

आमच्या घराण्यात ‘बघू’ म्हणजे कायमचं.

“तिच्याकडे दाराला दाराचं तोंड आहे,” बाबा स्वेटरची घडी घालत म्हणाले. “आपल्याच घरात चाचपडत फिरायचं म्हणजे पाहुण्यासारखं वाटतं रे.”

मी त्यांच्या हातातला स्वेटर काढून घेतला. पण शनिवारी घरसजावटीच्या मासिकाच्या संपादिका भिंतीचा फोटो काढायला येणार होत्या! स्वेटर परत देत मी म्हणालो, “शनिवार होऊ द्या बाबा, मग लावू एखादं हँडल. बघू.”

“बघू कोण म्हणतंय बघा!” बायको म्हणाली आणि तरातरा आत गेली. आधी चुकीच्या फळीवर आपटली, मग आत गेली.

शनिवारी सकाळी घरातलं जे जे म्हणून घरासारखं दिसत होतं, ते सगळं मी अडगळीच्या खोलीत रचलं. शिलाई मशीन, रद्दीचे गठ्ठे, छत्र्या, बाबांची पत्र्याची पेटी, त्यांची हातोडी, खडूचा डबा. ढीग छताला लागला. बाहेर उरला एक सोफा, एक दिवा आणि टेबलावर तीन राखाडी दगड. डिझायनरबाईंच्या भाषेत ते ‘शांततेचे दगड’. भिंतीवरची चित्रं पुसली. बाबांना पेपर देऊन बाल्कनीत बसवलं. तेही शांततेतच जमा.

संपादिकाबाई आल्या. उंच, गळ्यात कॅमेरा.

“बाई गं!” त्या म्हणाल्या. “ही भिंत श्वास घेतेय!”

मीही घेतला. आनंदाचा.

“जरा हात धुवायचे होते. बाथरूम कुठे?”

“ओळखा बघू!” मी म्हणालो. एवढं बोलून सोफ्यावरच्या उशीचा कोपरा सरळ करायला वळलो. परत फिरलो, तर बाई नाहीत! सात फळ्या, सातही निष्पाप. आणि कुठूनसा धडाडधूम आवाज.

“काय पडलं?” बायको धावत आली.

“संपादिकाबाई भिंतीत गेल्या.”

“कुठल्या फळीतून?”

आता खरं सांगायची वेळ आली आहे. मला माहीत नव्हतं! ही फळी कुठली, ती कुठली, हे मला कधीच पाठ झालं नव्हतं. रोज सकाळी पुसण्याआधी मी बाबांची चित्रं बघत होतो आणि दुपारपासून त्यांच्याच आधारानं घरात वावरत होतो. आजच ती नव्हती.

मी धावत सुटलो. पहिली फळी ढकलली, खांदा सुजला. दुसरी उघडली, बाथरूम, रिकामं. मग बाबांची खोली. मग आमची. उरलेल्या चारही फळ्या ढिम्म! त्यातली एक अडगळीची, हे कळत होतं. पण आत ढीग कोसळून दाराला टेकला होता, त्यामुळे दारसुद्धा भिंतीइतकंच भिंत झालं होतं. भरीला भर, डिझायनरबाईंनी फळ्यांच्या आत जाड अस्तर लावलेलं. चारही फळ्यांमागून सारखाच आवाज येत होता, मांजर उशीखाली सापडल्यासारखा.

“डिझायनरबाईंना फोन करा!” बायको म्हणाली.

“केला. त्या म्हणाल्या, दार ओळखू येत नाही ना? अभिनंदन!”

तेवढ्यात बाल्कनीचं दार वाजलं. बाबा चष्मा कपाळावर चढवून उभे होते.

“हातोडी?”

“आत आहे,” मी म्हणालो.

“खडू?”

“तोही.”

बाबा पुढे आले. टेबलावरचा शांततेचा दगड उचलला, पहिल्या ढिम्म फळीला कान लावला आणि ठोकलं. टक्! “भिंत.” पुढची. टक्! “भिंत.” तिच्या पुढची. टुक्! बाबा थांबले. वाकले. वर ठोकलं, मध्ये ठोकलं, खाली डाव्या कोपऱ्यात ठोकलं. कित्येक वर्षांनी मी त्यांचा तो चेहरा बघत होतो, यार्डातला.

“बाई,” ते फटीला तोंड लावून म्हणाले, “घाबरू नका. तुमच्या उजव्या पायापाशी पत्र्याची पेटी अडकलीय. ती मागे ओढा. बाकीचं आपोआप बसेल.”

आत खरखर झाली. बाबांनी एका बोटानं फळी ढकलली आणि दार उघडलं. संपादिकाबाई बाहेर आल्या, डोक्यावर रद्दी, एका हातात छत्री, दुसऱ्यात बाबांची हातोडी. बाबांनी शांततेच्या दगडानंच त्या फळीवर करकरीत फुली ओढली. कायमची.

मी डोळे मिटले. फटकन आवाज झाला. कॅमेऱ्याचा होता!

‘फोटो छापून येईपर्यंत थांब,’ असं बाबांनी ताईला कळवलं. पुढच्या महिन्यात मासिकात फोटो आला. सहा फळ्या धूसर, सातवीवरची फुली स्पष्ट, शेजारी हातात दगड घेऊन बाबा. खाली ओळ होती, ‘घराच्या आत्म्याशी थेट संवाद साधणारी हस्तरेखा’. आठवड्याभरात इमारतीतल्या नऊ घरांनी तशीच भिंत करवून घेतली, फुलीसकट! आता रोज कुणी ना कुणी जिना चढून येतं. “काका, चला हो लवकर, सासूबाई सापडत नाहीयेत!” बाबा हातोडी खांद्यावर टाकतात आणि निघतात. ताई दोनदा न्यायला आली. दोन्ही वेळा बाबा ड्यूटीवर.

परवा सकाळी त्यांनी रिकामी बॅग माझ्या हातात दिली. “ही आत टाक रे. आता लागायची नाही.”

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! बॅग उराशी धरून, नाचत नाचत मी अडगळीच्या खोलीत शिरलो. मागे दार मिटलं. अलगद.

आतून हँडल नाही, हे तुमच्या लक्षात असेलच. माझ्या लक्षात आलं नाही.

दीड तासानं बाहेर ओळखीचा टोला ऐकू आला. दार उघडलं. बाबांनी मला आपादमस्तक पाहिलं. मग पुढे होऊन बोटाच्या पेरानं माझ्या कपाळावर टकटक केलं, कान जवळ आणला आणि नीट ऐकलं.

खिशातून खडू काढला आणि माझ्या शर्टावर फुली मारली.